दुसरा ठोका

१

“पयला ठोका पायानं पडला, थे बरोबर हाय. पन दुसरा ठोका हा—”

एवढंच ऐकू आलं आणि चक्कीवाल्यानं चक्की चालू केली. पुढचं सगळं त्या घरघरीत गेलं. पंचफुलाचे ओठ हलत होते, समोरच्या दोघी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, आणि पंचफुला बोलता बोलता आपला हात खाली, गुडघ्याच्याही खाली नेऊन तळव्यानं काहीतरी हळूच दाबल्यासारखं करत होती. माझा नंबर मागे होता. मी पुढे सरकेपर्यंत दळण झालं, चक्की थांबली, आणि बायका कैरीच्या लोणच्यावर आल्या.

मी सरळ विचारलं. मला आडपडदा जमत नाही. पंचफुला म्हणाली, “काई नाई वं शालूताई, असंच आपलं.” आणि पिठाचा डबा कमरेवर घेऊन चालती झाली.

विषय कोणाचा होता ते मात्र मला कळलं होतं. आमच्या शेजारच्या प्रीतमचा.

जठारपेठेच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. माझं घर आणि प्रीतमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागतो. माझं दार दिवसभर उघडं असतं आणि दारावरून कोणी गेलं की माझ्या तोंडून आपोआप ‘या’ निघतं. ओळखीचं असो नाहीतर बिनओळखीचं, ‘या, बसा.’ पाठीमागे मला ‘याकाकू’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. भोचक म्हणतात. असेन. पण गल्लीत कोणी आजारी पडलं तर मुगाची खिचडी पहिल्यांदा माझ्या घरून जाते.

प्रीतम एमआयडीसीत बिजागऱ्यांच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. प्रेस म्हणजे माणसाहून उंच लोखंडी मशीन. पत्र्याची पट्टी साच्यावर ठेवायची, हात बाहेर घ्यायचा, पायानं पायडल दाबायचं. वरून ठोका पडतो आणि बिजागरीचं पान कापून, वाकून तयार. पुन्हा हात आत, हात बाहेर, पाय. दिवसभर तेच. होळी झाल्यावर, एका सकाळी, त्याचा हात आत असताना ठोका पडला. उजव्या हाताचं मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी गेली. अंगठा आणि पहिलं बोट राहिलं.

त्या बोटांवर त्यानं लग्नानंतर बायकोचं नाव गोंदवून घेतलं होतं. पहिल्या बोटावर ‘मा’, मधल्यावर ‘या’. मला दाखवायला आला तेव्हा म्हणाला, “काकू, तुमचं ‘या’ मी बोटावर घेऊन फिरतो.” माया आतून ओरडली की नाव एवढंसं, एका बोटावर मावलं असतं, पण यांना दोन बोटं अडकवायची हौस. तेव्हा किती हसलो होतो आम्ही.

आता हातावर ‘मा’ राहिलं. ‘या’ सापडलंच नाही. दवाखान्यातून एका कामगाराला परत पिटाळलं होतं, बोटं बर्फात घालून घेऊन ये म्हणून. त्यानं पत्र्याच्या कातरणाचा ढीग उपसला, साच्याखाली पाहिलं, मशीनमागे पाहिलं. काही मिळालं नाही.

कारखान्यानं सांगितलं, मशीन तपासलं, मशीनमध्ये खोट नाही. मग खोट माणसात, असं लोकांनी ठरवलं. भरपाईसाठी त्यानं जाणूनबुजून करून घेतलं, असंही कोणी कोणी म्हणत होतं. पंचफुलाचं ते ‘हा—’ म्हणजे ‘हातानं’ असणार, असं मी घरी येता येता जुळवलं. दुसरा ठोका त्यानं स्वतःच्या हातानं पाडला. मला ते पटत नव्हतं. हातावर बायकोचं नाव लिहिणारा माणूस तोच हात मशीनखाली घालेल का?

आणि जीव टांगणीला लागायचं कारण वेगळंच होतं. येत्या सोमवारपासून माया त्याच मशीनवर बसणार होती. कारखान्यानंच बोलावलं होतं, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. तिचे दोन्ही हात अजून धड होते. भाकर थापते तेव्हा बघत बसावं असे हात.

२

मे महिन्यात आमच्या अकोल्यात दुपारी गल्ली ओस पडते. घरोघरी कुलर घरघरत असतात. कुलर चालू असेपर्यंत शेजारचं काही कानावर येत नाही. पण लाईन गेली की पंखा हळूहळू फिरत थांबतो, पाणी टपटपायचं बंद होतं, आणि मग भिंतीपलीकडचं पाणी पिणंसुद्धा ऐकू येतं.

तशीच लाईन गेली होती. मी खाली फरशीवर आडवी पडले होते, भिंतीला डोकं लावून.

ठक.

टाच फरशीवर आपटल्याचा आवाज. मग गिळलेला घोट खाली जाईल एवढा वेळ. मग, थप.

हा दुसरा आवाज मऊ होता. मांसाचा. मला वाटलं, माया भाकर थापते आहे. एवढ्या उन्हात काय सुचलं हिला. पुन्हा ठक, आणि थोड्या वेळानं थप. बराच वेळ ऐकल्यावर मला काहीतरी खटकायला लागलं, आणि काय ते लवकर ध्यानात येईना. मग आलं. भाकर अशी थापत नाहीत. भाकर थापतात ती थप थप थप अशी, फिरवत फिरवत. हे एकदाच होतं, आणि प्रत्येक वेळी टाचेच्या मागून येत होतं. टाच थांबली की तेही थांबायचं.

तेवढ्यात गल्लीतून मायाचा आवाज आला. कोणाशी तरी बोलत ती भाजीची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून येत होती.

मी उठले. कैरीच्या पन्ह्याचा गिलास भरला, म्हणजे जायला निमित्त झालं, आणि तिच्या आधी शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले.

प्रीतम खाटेवर पाय सोडून बसला होता. पांढऱ्या पट्टीतला उजवा हात मांडीवर, आणि डाव्या हातानं तो हात मनगटाशी धरलेला. दोन्ही हात माझ्यासमोर. टाच उचलली गेली आणि खाली आली. ठक. मला वाटतं त्याचं त्यालाही भान नव्हतं, इतक्या वर्षांची पायाची सवय.

मग खाटेखालून, थप.

त्यानं खाली पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला ऐकू आलं की नाही, एवढंच बघायला.

३

मी घाबरट नाही. मी गिलास ठेवला आणि खाटेखाली वाकून पाहिलं. चपला होत्या, गोणपाट होतं, लसणाची जुडी होती. खाटेचा एक पाय विटेवर टेकवलेला होता. टाचेच्या दणक्यानं खाट हलत असेल आणि तो पाय विटेवर बसत असेल. मी वीट सरकवून नीट लावली. मला बरं वाटलं.

“तुमालेबी ऐकू येते?” प्रीतमनं विचारलं.

मी हो म्हटलं, आणि विटेचं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण विटेमुळे नाही. दुसऱ्या कोणाला ऐकू येतं म्हणून.

माया आली, पिशवी ठेवून मागे पाणी भरायला गेली. तेवढ्या वेळात तो भराभरा बोलला. म्हणाला की त्या सकाळी पट्टी ठेवली, पाय दिला, ठोका बरोबर पडला. पान साच्यात अडकलं होतं म्हणून काढायला हात आत घातला. पाय उचलून घेतला होता. पाय उचलल्याशिवाय हात आत जातच नाही, अंगाला तसं वळणच आहे. आणि मग, हात आत असताना, त्याला पायडल दिसलं.

“काकू, पाय माहा वर होता. आन पायडल खाली जाऊन राहिलं होतं.”

“कशानं?”

तो गप्प बसला. मागून बादली भरल्याचा आवाज थांबला.

“तिले थांबवा,” तो म्हणाला. “माह्यं काई ऐकत नाई.”

मी मायापाशी मोरीत गेले. म्हटलं, त्या मशीनपाशी बरं नाही गं काही, दुसरं काम बघ. ती बादली उचलता उचलता हसली. तिच्या घरात हे चालत नाही, मला माहीत आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि तिचा बाप तर जन्मभर लोकांना लिंबू-मिरच्या सोडायला सांगत फिरलेला.

“काकू, भूत असतं तं शेठनं त्यालेबी पाळीवर लावलं असतं,” ती म्हणाली. “मशीन डबल मारते. झिजली असन. एवढंच हाय ते. त्याले दोन बटनं होते आंधी, दोनी हातानं दाबाले. दोनी हात बटनावर, तं आत काय जाईन? ते शेठनं काढून टाकले, काम हळू होते म्हून. मी पयल्या दिवशी तेच सांगन.”

प्रीतम खाटेवरून ऐकत होता. त्याच्या तोंडावर मला लाज दिसली. आपण जे मानत नाही ते आपल्याला दिसलं, याची लाज.

मीही मग मनात म्हटलं, हिचं खरं आहे. मशीन डबल मारतं. वीट हलते. माणूस मोठ्या दुखण्यातून उठला की त्याला काहीबाही दिसतं. हे सगळं मी त्या दिवशी स्वतःला नीट समजावलं आणि रात्री छान झोपले.

४

पण ‘हा—’ काही जाईना. स्वयंपाक करताना आठवायचं, केस विंचरताना आठवायचं. शेवटी मी पंचफुलाच्या घरी जाऊन ठाण मांडलं. ती म्हणाली, तिला पुरतं माहीत नाही. तिचा दीर डोमाजी प्रीतमच्या आधी त्याच मशीनवर होता, तो दारूत एकदा बोलला होता. आता तो बडनेऱ्याला असतो. मला त्या शनिवारी अमरावतीला भाचीच्या, हर्षाच्या, डोहाळजेवणाला जायचंच होतं. मी अलीकडे, बडनेऱ्यालाच उतरले.

डोमाजी दारातच बसला होता. उजव्या हातावर दुपट्टा टाकलेला, जसं कोणी पोपट झाकून ठेवावा. मी गल्लीचं नाव सांगितलं, प्रीतमचं नाव सांगितलं. त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितला.

“मशीन डबल मारते म्हणे,” मी सुरुवात करून दिली.

“मशीन काहून मारन?” तो म्हणाला. “मशीन तं गरीब हाय. दाबलं का मारते, नाई दाबलं का नाई मारत. पयला ठोका पायानं. दुसरा हातानं.”

“कोणाच्या?”

“मी ओळखलं नाई. माह्याआंधी कोन होता मले माईत नाई. नुसते बोटं होते पायडलवर, एवढं पाह्यलं. मंग काई पाह्याची येळ नव्हती.”

त्यानं दुपट्टा बाजूला केला. दोन बोटं नव्हती. मला म्हणाला, त्यातल्या एका बोटाचं नख लहानपणापासून काळं होतं, मधोमध दुभंगलेलं, बैलगाडीच्या चाकात आलं होतं म्हणून. प्रीतम त्याच्या हाताखालीच शिकला, रोज त्याच्यासमोर भाकर खायचा. ते नख त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं.

“त्यानं ओळखलं असन,” डोमाजी म्हणाला. “त्यानं तुमाले सांगतलं नाई का?”

मी नाही म्हटलं. खाटेवरचं ते गप्प बसणं आठवलं.

चहा आला. त्यानं डाव्या हातानं कप माझ्याकडे सरकवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, “आता कोन बसते तथी?”

“सोमवारपासून त्याची बायको.”

त्यानं दुपट्टा पुन्हा हातावर ओढला. त्याच्या सुनेनं मला बिस्किटं आणून दिली, ती मी खाल्ली, भाचीची विचारपूस झाली. मी निघाले तेव्हा तो फक्त एवढं म्हणाला,

“मंग तिले ओळखू येईन.”

५

मायाला सांगायला मी गेले होते, खोटं नाही बोलत. रविवारी संध्याकाळी ती दारात बसून मेथी निवडत होती. मी तिला बडनेऱ्याचं सगळं सांगितलं, नखासकट. तिनं ऐकून घेतलं. मग मेथीची काडी मोडत म्हणाली, “काकू, दारुड्या मानसाचं ऐकून तुमी मले घरी बसवता का?” तिच्या बाजूनं सगळं होतं. माझ्या बाजूनं एक दुपट्टा आणि एक वीट.

सोमवारी ती गेली. प्रीतम दारापर्यंत आला. तो पूर्वी मला दोन्ही हात जोडून जयभीम करायचा. आता डावा हात नुसता छातीशी नेला आणि तिच्या पाठीकडे पाहत राहिला.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशीच उभी होते. तिचे हात पाहिले. तेलानं काळे, पण सगळे. तिनं मला दहाही बोटं नाचवून दाखवली. बटणांचा विषय तिनं पहिल्याच दिवशी काढला होता. तिथला सुपरवायझर किशोर म्हणाला, बघू, शेठला विचारतो.

असेच काही दिवस गेले. रोज दहा बोटं नाचवायची. माझी भीती मलाच हसू यावं अशी झाली. पन्हं संपलं, लोणचं भरून झालं.

एकच गोष्ट. दुपारी लाईन गेली की पलीकडून अजून ठक यायचं. पण माया कामावर असायची त्या वेळात त्याच्यामागून थप येत नव्हतं. रविवारी ती घरी असली की यायचं. मी म्हटलं, वीट मी नीट लावली म्हणून बंद झालं. रविवारचं काय, याचा विचार मी केला नाही. करायचा नव्हता म्हणून केला नाही.

मग एकदा प्रीतमच भिंतीपलीकडून बोलला. भिंतीला तोंड लावून, हळू.

“काकू, आता ते घरी नाई राहत.”

६

त्या दिवशी माया डबा विसरून गेली. डबा माझ्याच घरात राहिला होता. मी तिला भरलं वांगं द्यायला म्हणून उघडून घेतला होता. मी ऑटो केला आणि निघाले. दुसऱ्यांच्या घरात शिरायची मला सवय आहे, फाटकावरच्या माणसाला डबा दाखवला आणि बोलत बोलत आत गेले.

जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. माणसं बाहेर लिंबाखाली बसली होती. आत पत्र्याच्या छपराखाली एकटी माया, स्टुलावर बसून, पाठमोरी. मशीन मी पहिल्यांदा पाहत होते. वरच्या बाजूला बैलगाडीच्या चाकाएवढं जड चाक फिरत होतं. मला पाहून ती म्हणाली, एक पान अडकलंय, काढते आणि येते.

तेवढ्यात लाईन गेली.

दिवे गेले, पंखे गेले, सगळ्या शेडमधून आवाज काढून घेतल्यासारखा झाला. नुसतं ते वरचं चाक फिरत राहिलं, सूं सूं करत, आपल्याच वजनानं. माया म्हणाली, “चाला, बरं झालं, आता बंदच हाय.” आणि पान काढायला हात आत घातला.

मी डबा खाली ठेवायला वाकले.

मायाचे दोन्ही पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर होते. वर घेतलेले. ते मी नीट पाहिले, कारण डबा कुठे ठेवावा ते बघत होते. पायडल मोकळं होतं. त्याच्या मागे मशीनच्या पोटाखाली अंधार होता, काळं तेल साचलेलं, कातरण चमकत होतं. आणि त्या अंधारातून बोटं पायडलवर आलेली होती. आरामात. खाटेच्या कडेवरून झोपलेल्या माणसाचा हात लोंबावा तशी. तीन होती. मागे काही होतं की नव्हतं, ते मला दिसलं नाही.

पुढच्या बोटावर हिरवं गोंदण होतं. ते मला वाचता आलं. दोन अक्षरांतलं दुसरं अक्षर, एकटं.

पायडल खाली जायला लागलं.

मी ‘हात काढ’ म्हणायला गेले. तोंडातून नुसतं “हा—” निघालं. आणि माझ्या हातातला डबा मी पायडलखाली लोटला.

थप.

माया माझ्या आवाजानं दचकून मागे वळली होती. हात तिच्याबरोबर बाहेर आला होता. ठोका पडला नाही. वरचं चाक हळू होत होत थांबलं. डब्यातून भरल्या वांग्याचं तेल पायडलखालून वाहत बाहेर येत होतं, आणि त्या तेलात दुसरं काही नव्हतं. मी पुन्हा वाकून पाहिलं. तेल, कातरण, अंधार.

किशोर धावत आला. त्यानं पाहिलं, समजला, आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, लाईन गेली तरी चाक फिरत असतं तोवर मशीन मेलेलं नसतं, हे नव्या माणसाला सांगायचं राहून गेलं. डबा ठेवताना पायडलला माझाच धक्का लागला असेल, असंही म्हणाला.

“माहे पाय वर होते,” माया म्हणाली. “आन काकू तं डबा लावून राहिल्या होत्या.”

तिनं डबा ओढून काढला. झाकणावर आडवा खळगा पडला होता, पायडलच्या दांडीएवढा.

७

माया तिथे परत गेली नाही. पण गप्पही बसली नाही. तो चेपलेला डबा घेऊन ती कामगारांच्या ऑफिसात गेली, प्रीतमला घेऊन पुन्हा गेली, आणि त्या मशीनला दोन बटणं परत लागली. पायडल काढून भंगारात टाकलं म्हणतात. ती आता शाळेत पोषण आहाराच्या स्वयंपाकाला जाते. तिचं म्हणणं आजही तेच आहे. मशीन झिजलं होतं, चाक फिरत होतं, काकूंच्या डब्यानं वाचवलं. ती भेटेल त्याला असंच सांगते, आणि मीही मान हलवते.

प्रीतमनं मला एकदाच विचारलं. माया शाळेत गेली होती.

“काकू, दिसलं ना?”

मी म्हटलं, अंधार होता.

“मले डोमाजीभाऊचं नख दिसलं होतं,” तो म्हणाला. “तुमाले बोटावर काई लिहेल दिसलं का?”

मी नाही म्हटलं. त्यानं आपलं उरलेलं बोट पुढे केलं, ‘मा’ लिहिलेलं, आणि त्याच्याकडे बघत राहिला.

“मी तं तोंडानं तिले नकोच म्हनत होतो,” तो म्हणाला. “तुमी ऐकलं होतं ना काकू? नकोच म्हनत होतो ना?”

ऐकलं होतं, असं मी त्याला सांगितलं. ते खरंच होतं.

चक्कीवर आता पंचफुला मला विचारते. मी सांगितलं, दुसरा ठोका हातानं पडला, एवढी तुझी गोष्ट बरोबर. पण प्रीतमनं स्वतःची बोटं स्वतः तोडली, हे साफ खोटं. बायकांना ते पटलं. त्याच्या नावाला लागलेला डाग गेला. बाकीचं अर्धं मी कोणाला सांगत नाही.

प्रीतमलाही एका दुकानात काम मिळालं. दुपारी पलीकडे कोणी नसतं, दाराला कुलूप असतं. लाईन जाते, कुलर थांबतो, आणि भिंतीला डोकं लावलं की पूर्वीसारखं ठक आता येत नाही. टाच नाही तर ठक कुठून येणार?

नुसतं थप येतं.

काल संध्याकाळी माया वाटीभर साखर मागायला दारात आली. उंबऱ्याबाहेर थांबली, जशी ती नेहमी थांबते, माझ्या आवाजाची वाट बघत. माझ्या ओठांवर आलं होतं. मी हातानं आत यायची खूण करायला गेले, आणि तोही हात मागे घेतला.

“काहून वं काकू,” ती हसत म्हणाली, “बोलावनं बंद केलं का?”

मी उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि तिचा हात धरून तिला आत आणलं. गोंदण दिसलेल्या दिवसापासून माझ्या दारात कोणालाही मी ते अक्षर म्हटलेलं नाही.